काका रिटायर झाले. आता तपासण्यांचं सगळं कागदावर कसं उतरवायचं?

पपया_नर्सरी
२३ मे, रात्री १०:४०

राम राम मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. पत्र्याचे पार्ट, दोन शिफ्ट, कायम अन् कंत्राटी मिळून १८० च्या आसपास माणसं. कंपनीचं नाव विचारू नका. धागा मालकांपर्यंत पोचला तर माझा पुढचा धागा नोकरी शोधण्याचा असेल.

आमच्याकडे एक काका होते, ३१ मार्चला रिटायर झाले. पद सुपरवायझरचं, पण खरं काम कंपनीला आठवण करून देण्याचं. क्रेनची तपासणी आली, फायरचा कागद जायचाय, कचऱ्याचे ड्रम उचलायला गाडी सांगा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. जाताना त्यांनी मला त्यांची डायरी दिली. औषध कंपनीवाले वाटतात तसली, रेक्झिनच्या कव्हरची. मला वाटलं, घबाड मिळालं. उघडली तर आत असं:

"क्रेन – साहेबांना फोन."
"५ नं. परत बघ."
"चुना?"
"पाणी ६."

हे "पाणी ६" मार्च ते जून दर दोन-तीन दिवसांनी आहे. मी आधी समजलो, सहा वाजता टाकीत पाणी सोडायचं असेल. पण टाकीला फ्लोट आहे, तिला कोणी हात लावत नाही.

एप्रिलात पहिला फटका बसला. कस्टमरचा ऑडिटर आला, टूल रूममधला चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) बघितला अन् सर्टिफिकेट मागितलं. मुदत संपून ११ दिवस झालेले. काका असते तर मार्चमध्येच फोन गेला असता. मोठा एनसी, म्हणजे त्रुटीचा शेरा, पडला. मालकांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "हे लिहून का नाही ठेवलं कुठे?"

मग मी बसून एक्सेल केलं. ६४ ओळी. काय तपासायचं, किती दिवसांनी, शेवटचं कधी झालं, पुढचं कधी. स्वतःवर खूश होतो. मेंटेनन्सच्या नव्या पोराला त्यातली एक ओळ दिली, "एअर रिसीव्हर – तपासणे" (कॉम्प्रेसरची दाबलेली हवा साठवायची टाकी). पाच मिनिटांत परत आला. म्हणाला, "तपासला सर. आहे जागेवर."

त्यात त्याची काही चूक नाही, मी लिहिलंच तसं होतं.

तर ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, दर महिन्या-सहा महिन्यांनी येणारी ही कामं नेमकी लिहायची कशी? आणि एक तातडीचं. मागच्या वर्षीच्या अर्थिंगच्या रिपोर्टमध्ये सहा पिट (गळतीची वीज जमिनीत उतरवायचे खड्डे) आहेत. मला आवारात पाचच सापडतायत. पाऊस पडायच्या आत मोजायचेत. ठेकेदार म्हणतो, "सहाव्याला मागच्या वर्षीचंच रीडिंग टाकू का सर? एवढा काय फरक पडतो."

---

अंबडचा_फिटर
२३ मे, रात्री ११:०५

"आहे जागेवर" 😂😂 भाऊ, पोराला बढती द्या. निदान जाऊन तरी आला. आमच्याकडे खुर्चीवरूनच टिक होतात.

माझा अनुभव सांगतो. चेन ब्लॉकच्या आमच्या तक्त्यात एक रकाना होता, "हुक – ओके / नॉट ओके". चार वर्षं ओके. नवीन इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी रकाना बदलला, "हुकाचं तोंड – ____ मिमी". बस्स, एवढंच. कंपनीतून हुक नवा आला तेव्हाचं माप वर छापून ठेवलं आणि खाली दर महिन्याला व्हर्निअर लावून लिहायचं. पहिल्याच महिन्यात एका ब्लॉकचं तोंड मूळ मापापेक्षा चांगलंच उघडलेलं निघालं. म्हणजे कोणीतरी कधीतरी झेपत नाही तेवढं उचललं होतं, आणि आम्ही खाली उभे राहून ओके लिहीत होतो.

तेव्हापासून मी जिथे जमेल तिथे आकडा मागतो. आकडा लिहायचा तर माणसाला तिथे जावंच लागतं. नाही म्हणायला आकडाही घरी बसून टाकणारे महाभाग आहेत, पण त्याला निदान डोकं चालवावं लागतं.

---

गोदाकाठचा_म्हातारा
२४ मे, सकाळी ६:५०

पपयाभाऊ, मी ३४ वर्षं कारखान्यांत काढली. शेवटची १२ हेच काम केलं. तुमच्या काकांच्या जातीचाच माणूस समजा.

आधी अर्थिंगचं. मागच्या वर्षीचं रीडिंग टाकू देऊ नका. पिट सापडेपर्यंत रिपोर्टमध्ये "सापडला नाही" असंच लिहून घ्या. ते कागदावर वाईट दिसतं, पण खरं आहे. आणि पावसाच्या आत मोजायची घाई करताय ते बरोबर. जमीन ओली झाली की रेझिस्टन्स आपोआप कमी, म्हणजे चांगला दिसतो. म्हणून कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी मोजायचं. मी एका ठिकाणी ऑगस्टमधले रिपोर्ट पाहिलेत. सगळे पिट सुंदर! अहो, नाशिकच्या ऑगस्टात कुठलाही खड्डा सुंदरच असणार.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या ६४ ओळींत मला खात्रीने एक घोळ दिसतो, न बघता सांगतो. आपली स्वतःची नजर आणि बाहेरच्या कॉम्पिटंट पर्सनची (सरकारमान्य तपासनीसाची) तपासणी तुम्ही एकाच ओळीत घातली असणार. ती वेगळी करा. एअर रिसीव्हरचंच घ्या. खालून पाणी सोडणं, गेजचा काटा बघणं हे आपल्या माणसाचं, रोजचं. महाराष्ट्र कारखाने नियमांप्रमाणे बाहेरून सहा महिन्यांनी आणि आतून बारा महिन्यांनी करायची तपासणी कॉम्पिटंट पर्सनची, त्याच्या सर्टिफिकेटसकट. पहिलं चुकलं तर रिसीव्हर आतून गंजतो. दुसरं चुकलं तर तुम्ही कागदावर उघडे पडता. दोन्हीचे माणूस वेगळे, पुरावा वेगळा.

मुदतींचंही तसंच. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये लिफ्ट-हॉइस्टला सहा महिने (कलम २८), क्रेन, चेन, दोरखंड, स्लिंग यांना बारा महिने (कलम २९). तुमचा चेन ब्लॉक दुसऱ्यात. ही मुदत "वर्षातून एकदा" अशी नसते, "मागच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत" अशी असते. मागच्या वर्षी मार्चमध्ये केलं आणि यंदा एप्रिलमध्ये, तर दोन्ही वर्षी एकेकदा झालंच की! पण मधल्या दिवसांचं काय? ते भोक नंतर कोणाला बुजवता येत नाही. मी सरळ अकराव्या महिन्याची तारीख टाकायचो. सहामाही असेल तर पाचव्या महिन्याची. कॉम्पिटंट पर्सन काय तुमचा जावई नाही, बोलावला की लगेच यायला.

"चुना?" हे मात्र वाचून मी एकटाच हसलो. ते पुढच्या पोस्टमध्ये, फिरायला जायची वेळ झाली.

---

एक्सेलबाबा
२४ मे, सकाळी ९:२०

यावर तयार ॲप आहेत. क्यूआर कोड मशीनवर चिकटवा, पोराने स्कॅन केल्याशिवाय फॉर्मच उघडत नाही. "आहे जागेवर" होणारच नाही. एक्सेलच ठेवायचं तर "पुढची तारीख" हाताने लिहू नका, शेवटच्या तारखेत दिवस मिळवायचं सूत्र टाका. मुदत जवळ आली की ओळ पिवळी, उलटली की लाल.

---

शंकेखोर_सिडको
२४ मे, सकाळी ९:४५

आणि एक्सेल उघडतं कोण? आमच्याकडे लाल ओळींची फाइल दोन वर्षं उघडली नव्हती. उघडली तेव्हा दिवाळीच्या रोषणाईसारखी दिसत होती.

माफ करा, पण मला या सगळ्यातच दम वाटत नाही. मी ज्या ठिकाणी होतो तिथे फायर एक्स्टिंग्विशरच्या टॅगवर बारा महिन्यांच्या बारा सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी व्हायच्या. जानेवारीत डिसेंबरची सही तयार. एका रजिस्टरमध्ये तर "३१ जून" ची नोंद होती, खाली सुपरवायझर अन् मॅनेजर दोघांच्या सह्या. तुम्ही कितीही छान लिहा हो, तपासणारा साहेबही टॅगवर सही आहे का एवढंच बघतो.

---

अंबडचा_फिटर
२४ मे, सकाळी १०:१०

३१ जून 🙏 त्या दिवशी तपासणी झाली असेल तर बाटला कायमचा सुरक्षित.

पण शंकेखोर भाऊ, यावर आमच्या मॅडमनी एक साधी गोष्ट केली होती. टॅगवर सहीच्या जागी काट्याचं चित्र. एबीसी पावडरच्या बाटल्याला गेज असतो, काटा हिरव्या पट्ट्यात कुठे आहे तिथे पेनने रेघ मारायची. सीओटूला गेज नसतो, तिथे वजन लिहायचं. सीओटूच्या रकान्यात कोणी "काटा हिरव्यात" लिहिलं की मॅडम त्याला सगळ्यांसमोर विचारायच्या, "दाखव बरं मला तो काटा." दोनदा झालं, मग नाही झालं.

---

गोदाकाठचा_म्हातारा
२४ मे, सकाळी ११:३०

चुन्याकडे येतो.

कारखाने अधिनियमाचं कलम ११ स्वच्छतेचं आहे. त्यात भिंतींना चुना किंवा रंगाचा हात १४ महिन्यांतून एकदा. तेलरंगाच्या भिंतींना पाच वर्षांतून पुन्हा रंग आणि १४ महिन्यांतून एकदा धुणं-पुसणं. आणि तारखा रजिस्टरला चढवायच्या. हे १४ महिने फार छळतात, कारण कुठल्याच कॅलेंडरवर ते बसत नाहीत. या वर्षी मार्च, पुढच्या वर्षी मे, मग जुलै, म्हणजे ऐन पावसात चुना. म्हणून काकांनी प्रश्नचिन्ह टाकलं असणार.

माझी युक्ती फुकट देतो. दिवाळीच्या शटडाऊनला चुना लावायचा, दर वर्षी, डोळे मिटून. आता शंका येईल की दिवाळी पुढे-मागे होते, त्याचं काय. यंदा अधिक ज्येष्ठ चालू आहे, म्हणजे अंतर मोठं पडणार. मागचं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर २०२५ ला होतं, यंदाचं ८ नोव्हेंबर २०२६ ला. मोजा, ३८३ दिवस. १४ महिन्यांना अजून दीड महिना शिल्लक राहतो. अधिक महिन्याच्या वर्षात हे असं, तर एरवी प्रश्नच नाही. कायदा इंग्रजी महिन्यांचा आणि तारीख पंचांगाची, पण दोघांचं जमतं.

यातून तुम्ही घ्यायचं ते हे, की प्रत्येक ओळीला एक खुंटी शोधा. दिवाळी, मार्च एंड, ४ मार्चचा सुरक्षा दिन, १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन, काहीही. माणसाला तारखेपेक्षा सण लक्षात राहतो. काही कामांच्या खुंट्या कायद्यानेच ठोकून ठेवल्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियम २००६ खालचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. जून-जुलै जरा जडच जातो. मी त्या दोन महिन्यांत रजा घेत नसे, सौ. अजून ऐकवते.

---

मखमलाबादची_लेक
२४ मे, दुपारी १:१५

काका, अधिक महिन्याचा हा हिशोब मी आमच्या ग्रुपवर टाकतेय 🙂

मी एचआरमध्ये आहे, अंबडलाच. मशीनचं मला फार कळत नाही, पण आमच्याकडेही हाच रोग. पीएफ-ईएसआयची १५ तारीख कोणी विसरत नाही, कारण ती दर महिन्याला येते आणि चुकली की लगेच व्याज लागतं. निसटतं ते लांबच्या अंतराचं. आमची लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्थापन झाली, बोर्ड लागला, दर वर्षी अहवालही जायचा. पण सदस्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका तक्रारीच्या वेळी लक्षात आलं की समितीची मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपलीय. ती तक्रार करणारी मुलगी समोर बसलेली, आणि मी फाइल चाळतेय. तो दिवस मी विसरणार नाही.

तेव्हापासून माझ्या तक्त्यात एक जादा रकाना आहे, "हे चुकलं तर कोणाला त्रास?" दंड किती, कलम कुठलं हे नाही. माणूस कोण ते.

आणि पपयाभाऊ, ओळीसमोर माणसाचं नाव नको, पद लिहा. नाव लिहिलं की माणूस गेला की ओळ अनाथ. तुमचं तेच झालंय.

---

अंबडचा_फिटर
२४ मे, दुपारी १:४०

ताई, इथे नाही पटत. "मेंटेनन्स विभाग" लिहिलं की विभागातले सहा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. नावच पाहिजे, मोबाइल नंबरसकट.

---

मखमलाबादची_लेक
२४ मे, दुपारी १:५५

विभाग नाही हो दादा, पद म्हणतेय. "युटिलिटी सुपरवायझर, पहिली शिफ्ट" आणि तो रजेवर असेल तर कोण, तेही पदच. नाव वेगळ्या पानावर. माणूस बदलला की ते एकच पान बदलायचं, ६४ ओळी नाही.

---

अंबडचा_फिटर
२४ मे, दुपारी २:००

हं. हे चालेल. पण ते पान भिंतीवर पाहिजे.

---

दिंडोरी_तळघर
२४ मे, रात्री ९:३०

वायनरीत काम करतो, म्हणून जरा वेगळं सांगतो. तुम्ही सगळे तारखांबद्दल बोलताय. आमच्याकडे सगळ्यात जिवावरचं काम तारखेचं नाहीच. द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये येतं, टाक्यांत फर्मेंटेशन चालू झालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, वास नाही. रिकामी झालेली टाकी धुवायला माणूस वरून उतरतो आणि आत पोचताच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो.

म्हणून नियम असा, की कोणी आत जायच्या आधी, प्रत्येक वेळी, मीटर दोरीने खाली सोडून ऑक्सिजन मोजायचा. मोकळ्या हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. दिवसातून दहा टाक्या तर दहा वेळा. हे "दैनिक" नाही की "साप्ताहिक" नाही. एक्सेलमध्ये याला तारीखच नाही, त्यामुळे आधीच्या यादीत ते नव्हतंच! वाईट घडलं नाही ते नशीब.

पपयाभाऊ, तुमच्याकडेही अशी कामं असणार. प्रेसची डाय (साचा) बदलल्यावर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणूनचं कव्हर, परत बसवला का, वेल्डिंग करायच्या आधी आजूबाजूचं तेल पुसलं का. ती वेगळ्या पानावर घ्या, "असं झालं की हे करा". आणि मीटरचं कॅलिब्रेशन मात्र तारखेवर, आम्ही डिसेंबरात करून घेतो, सीझनच्या तोंडावर. जानेवारीत ते मीटर दुरुस्तीला गेलेलं असणं म्हणजे पावसात छत्री शिंप्याकडे.

---

शंकेखोर_सिडको
२५ मे, सकाळी ८:१५

बरं, एक खरा प्रश्न. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियम त्यात विलीन. मग वरची कलम २८, २९, ११ लिहून काय उपयोग? सगळं परत लिहायचं?

---

गोदाकाठचा_म्हातारा
२५ मे, सकाळी ९:००

शंकेखोर, आज पहिल्यांदा कामाचं बोललात. 😀

जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे फाइल फाडू नका. पण तक्ता कलमाच्या क्रमांकावर उभा करू नका, हे खरं. ओळ सुरू व्हावी वस्तूपासून आणि कामापासून, "टूल रूममधला १ टनी चेन ब्लॉक". कलम शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने म्हणा हवं तर. कायद्याचा नंबर बदलला म्हणून साखळीची झीज बदलत नाही.

नवीन काय वाढलं तेही बघा. ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, ही ओळ तुमच्या ६४ मध्ये नसेल. सेफ्टी ऑफिसर पूर्वी १००० कामगारांना लागायचा, आता कारखान्यात ५०० ला, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० ला. तुम्ही १८० आहात, तुम्हाला नाही. पण तुम्हाला प्रथमोपचाराच्या पेट्या दोन लागतात, १५० माणसांमागे एक या हिशोबाने. आहेत का?

---

पपया_नर्सरी
२५ मे, रात्री १०:२०

आहेत. एकीत आयोडीन अन् कोणाचा तरी चष्मा. दुसरी कुलूपबंद, चावी सापडेना. आज कुलूप तोडलं. आत तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं मलम आणि काकांची भेळेची पुडी बांधायची रबरं.

सगळ्यांचं वाचून एक गोष्ट लक्षात आली, माझा तक्ता मी ऑडिटरसाठी लिहिला होता. इंग्रजीत. आमची निम्मी पोरं इगतपुरी-त्र्यंबककडची, निम्मी बिहारची. आज एअर रिसीव्हरची एक ओळ घेऊन नव्या पोरालाच शेजारी बसवलं आणि रिसीव्हरसमोर उभं राहून लिहिलं. तो विचारत गेला, मी लिहीत गेलो. हे असं झालं:

"एअर रिसीव्हर क्र. २, कॉम्प्रेसर खोलीच्या मागे, निळा. रोज सकाळी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आत. खालचा पितळी कॉक हळू उघडा, बादली धरा. पाणी संपून नुसती हवा यायला लागली की बंद. पाणी लालसर आलं तर सुपरवायझरला बोलवा. गेजवरचा आकडा लिहा: ____. लाल रेघेच्या वर असेल तर कॉम्प्रेसर बंद करून सुपरवायझरला बोलवा, व्हॉल्व्हला हात लावू नका. काच फुटलेली, काटा हलत नसेल तर तेही लिहा. वेळ: ____ सही: ____"

खाली तेच हिंदीत. लॅमिनेट करून तिथेच लटकवलं. "बादली धरा" हे त्याचं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "सर, खाली केबल ट्रे आहे, रोज पाणी त्याच्यावर पडतं." मी सात वर्षं त्या खोलीत जातोय.

६४ ओळींपैकी एक झाली. तीन तास लागले.

घातक कचऱ्याचंही आज बघितलं. ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण ड्रम कधी भरायला घेतला तेच कुठे नाही. आता ड्रमवर पहिल्या दिवशीची तारीख ऑइल पेंटने. खडूने नको, हे ड्रमवाल्यानेच सांगितलं.

सहावा पिट अजून नाही. काकांचा फोन लागत नाही. बहुतेक गावी असतील.

---

एक्सेलबाबा
२५ मे, रात्री १०:४५

तीन तास × ६४ = १९२ तास. ॲप घ्या हो.

---

अंबडचा_फिटर
२५ मे, रात्री १०:५०

ॲपला केबल ट्रे दिसला असता का भो?

---

दिंडोरी_तळघर
२६ मे, सकाळी ७:३०

सगळ्या ६४ ना तीन तास लावू नका. ज्यात माणूस मरू शकतो त्या आधी. आमच्याकडे तशा नऊ निघाल्या. चुना शेवटी.

("पाणी ६" म्हणजे सहाव्या टाकीचं पाणी असेल का?)

---

मखमलाबादची_लेक
२६ मे, सकाळी ८:०५

किंवा सहा झाडं. आमच्या शिपाईमामांच्या डायरीत "तुळस" असं दर सोमवारी असतं.

---

गोदाकाठचा_म्हातारा
२६ मे, सकाळी ८:४०

पपयाभाऊ, मार्च ते जून आणि दोन-तीन दिवसांनी म्हणालात ना? आणि पिट किती नंबरचा हरवलाय?

---

पपया_नर्सरी
२६ मे, सकाळी ८:४२

अरे देवा.

---

पपया_नर्सरी
३० मे, रात्री ९:१५

उशीर झाला, सासुरवाडीला धोंडे खायला जायचं होतं, अधिक महिना आहे, नाही म्हणता येत नाही.

काकांचा फोन गुरुवारी लागला. मी "पाणी ६" एवढंच म्हणालो, ते म्हणाले, "मी येतो." आज दुपारी स्कूटरवर आले. गेटवर वॉचमनने नाव लिहायला लावलं तर चिडले. कुठे बघत न बसता तडक सायकल स्टँडकडे. तिथे दोन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवलेत. भिंतीपासून तिसरी रांग, दोन ब्लॉक पायाने दाबून दाखवले. डुगडुगत होते. "हे दोन मी ठेकेदाराला पक्के बसवू दिले नव्हते," म्हणाले. पहारीने उचलले. खाली बिडाचं झाकण, त्यावर पुसट "६".

३१ मार्चनंतर कोणी पाणी घातलंच नव्हतं. माती भुसभुशीत झालेली, पट्टीचा नट गंजलेला. नट साफ करून मोजलं, मागच्या वर्षी ०.९ ओहम होता तिथे ४.६. ठेकेदाराला मी म्हटलं, हाच आकडा लिही. त्याने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि लिहिला. सोमवारी नट-पट्टी बदलून, मीठ-कोळसा घालून परत मोजणार. दोन्ही रीडिंग फाइलला राहतील.

"५ नं. परत बघ" पण विचारून घेतलं. पाच नंबरच्या प्रेसचा गार्डचा स्विच. पोरं त्याला तार बांधून ठेवतात, म्हणजे गार्ड उघडा असला तरी मशीन चालतं, म्हणून जाता-येता बघायचं. मी त्यांच्याबरोबरच जाऊन बघितला. तार होती. काढली, आणि शिफ्ट इन्चार्जला तिथेच बोलावलं. ही ओळ आता सगळ्यात वर आहे.

मग चहा घेताना त्यांना नवीन पान दाखवलं, ओळ ६५: "अर्थ पिट क्र. ६, सायकल स्टँड, भिंतीपासून तिसरी रांग, सुटे दोन ब्लॉक (लाल रंग मारलाय, सिमेंट लावू नका). मार्च ते जून, दर तिसऱ्या दिवशी सकाळी एक बादली पाणी."

काकांनी चष्मा वर केला, वाचलं, माझ्या खिशातलं पेन काढून "एक" खोडलं आणि वर "दोन" लिहिलं.